हिंगोली जिल्ह्यातील भूजल : दूषितीकरण, देखरेख आणि शुद्धीकरण

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि तिचा फार मोठा भाग खेड्यांत राहणारा आहे. उत्तरेच्या सीमेवरून पैनगंगा, दक्षिण भागातून पूर्णा आणि मधून कयाधू अशा तीन नद्या येथे वाहतात. पूर्णेवर सिद्धेश्वर आणि पैनगंगेवर इसापूर ही मोठी धरणेही आहेत. तरीसुद्धा खेड्यातील घागर भरते ती बहुधा विहिरीच्या किंवा विंधन विहिरीच्या पाण्यानेच. गावात नळयोजना आली, तरी तिचा उद्भव अनेकदा ओढ्याकाठची एखादी सार्वजनिक विहीर हाच असतो. त्यामुळे या जिल्ह्यात भूजलाची शुद्धता हा प्रत्येक घराच्या आरोग्याशी निगडित असलेला विषय ठरतो.

पाण्याच्या टंचाईची चर्चा मराठवाड्यात दरवर्षी होते. पाण्याच्या गुणवत्तेची चर्चा मात्र साथ पसरल्यावरच होते. टंचाई डोळ्यांना दिसते. विहिरीतील नायट्रेट दिसत नाही, त्याला वास नाही आणि हानिकारक प्रमाणातही ते चवीने ओळखू येत नाही. ते ओळखण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे नियमित तपासणी. ही तपासणी कशी होते, तिच्या अहवालाचा अर्थ काय आणि पाणी दूषित आढळल्यास काय करता येते, याची माहिती प्रत्येक ग्रामपंचायतीस असणे आवश्यक आहे.

खडकाची रचना आणि दूषितीकरण

हिंगोली जिल्हा दख्खनच्या पठाराचा भाग असून येथील मुख्य खडक बेसाल्ट, म्हणजेच काळा पाषाण होय. ज्वालामुखीच्या उद्रेकातून आलेल्या लाव्हाचे थर एकावर एक साचून हा प्रदेश बनला. अखंड बेसाल्टमध्ये पाणी साठत नाही. ते साठते वरच्या मुरमाड थरात, खडकाच्या भेगांत आणि विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात त्या सच्छिद्र थरात. नद्यांच्या काठी गाळाचे पट्टे आहेत. तेथील विहिरींना पाणी तुलनेने अधिक लागते.

या रचनेचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, उथळ विहिरीचे पाणी जमिनीच्या पृष्ठभागाशी फार जवळचे नाते राखून असते. पावसाचे पाणी अल्पावधीत विहिरीत उतरते आणि वाटेत जे काही असेल, ते सोबत घेऊन येते. वाळूच्या जाड थरातून पाणी जसे गाळले जाते, तसे ते भेगांतून गाळले जात नाही. दुसरा परिणाम असा की, भेगांची दिशा वरून कळत नाही. उकिरड्यालगतची एक विहीर स्वच्छ राहावी आणि त्याच उकिरड्यापासून बऱ्याच अंतरावरची दुसरी दूषित व्हावी, असे घडू शकते. म्हणून शेजारच्या विहिरीचा अहवाल आपल्या विहिरीला लागू पडेलच असे नाही.

काळ्या जमिनीचा स्वभावही येथे लक्षात घ्यावा लागतो. उन्हाळ्यात या जमिनीला खोल भेगा पडतात. मृगाच्या पहिल्या सरींचे पाणी या भेगांतून थेट खाली जाते आणि उन्हाळाभर जमिनीत तयार झालेले नायट्रेट धुऊन नेते. पुढे माती फुगून भेगा बुजल्या की झिरपण्याचा वेग मंदावतो. पावसाळ्याच्या प्रारंभी पाणी अधिक दूषित आढळण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

दूषितीकरणाचे प्रकार

ग्रामीण भागातील भूजलाचे दूषितीकरण ढोबळमानाने तीन प्रकारचे असते.

जंतुजन्य दूषितीकरण : मानवी व जनावरांच्या विष्ठेतील जंतू विहिरीत उतरल्याने अतिसार, कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो यांसारखे विकार होतात. विहिरीला कठडा नसणे, भोवतीचा ओटा फुटलेला असणे, धुणी-भांडी काठावरच होणे, गुरांचे हौद विहिरीला लागून असणे, शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असणे ही त्याची नेहमीची कारणे.

नायट्रेट : युरियासारखी नत्रयुक्त खते, शेणखताचे उघडे ढीग, गोठ्यांचे सांडपाणी आणि शौचालयांचे शोषखड्डे यांतून ते येते. हे पाण्यात पूर्णपणे विरघळते आणि मातीच्या कणांना चिकटून राहत नाही. म्हणून पाणी जाईल तेथे तेही जाते.

भूगर्भीय घटक : फ्लोराईड, क्षार व कठीणपणा हे प्रामुख्याने खडकातून येतात. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील काही भागांत आणि नांदेड जिल्ह्यातील किनवट परिसरात फ्लोराईडची समस्या जुनी आहे. दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडणे आणि पुढे हाडे व सांधे ताठर होणे ही तिची लक्षणे. विंधन विहिरी जसजशा खोल जातात, तसतसे खडकाशी दीर्घकाळ संपर्कात राहिलेले पाणी वर येते. त्यामुळे नवी खोल विंधन विहीर घेतल्यावर फ्लोराईडची तपासणी केल्याखेरीज तिचे पाणी पिण्यास वापरू नये.

नायट्रेट : आकड्यांची भाषा

केंद्रीय भूमिजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालानुसार, देशभरातील सुमारे एक पंचमांश नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा अधिक आढळले. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त होते. सर्वाधिक बाधित म्हणून नोंदविलेल्या देशातील १५ जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ हे राज्यातील सात जिल्हे होते. त्यांपैकी नांदेड आणि यवतमाळ यांच्या सीमा हिंगोलीला लागून आहेत. काळी जमीन, बेसाल्टचा खडक, कापूस-सोयाबीनची शेती या बाबी सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे फारशा वेगळ्या नाहीत. या यादीत नाव नाही म्हणून हिंगोलीने निश्चिंत राहावे, अशी परिस्थिती नाही.

हिंगोलीची विशेष ओळख म्हणजे हळद. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळद हे आठ-नऊ महिने शेतात उभे राहणारे, भरपूर पाणी आणि भरपूर अन्नद्रव्ये घेणारे पीक आहे. राज्यात हळदीसाठी हेक्टरी २०० किलो नत्राची शिफारस केली जाते. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे सर्व नत्र युरियातून द्यायचे झाल्यास हेक्टरी सुमारे ४३५ किलो, अर्थात ४५ किलोच्या जवळपास दहा गोण्या लागतात. पिकाने न उचललेले नत्र काही अंशी हवेत जाते आणि काही अंशी नायट्रेटच्या रूपाने पाण्याबरोबर खाली उतरते.

थोडेसे नत्र किती पाणी बिघडवू शकते, हे साध्या हिशेबाने समजते. एक किलो नत्रापासून सुमारे ४.४३ किलो नायट्रेट तयार होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट ही मर्यादा आहे. म्हणजे एक किलो नत्र सुमारे ९८ हजार लिटर शुद्ध पाणी मर्यादेपर्यंत आणून ठेवते. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल, तर तो साठा सुमारे १ लाख ४१ हजार लिटरचा होतो. तेवढे पाणी मर्यादेला नेण्यास दीड किलोहून थोडे कमी नत्र, म्हणजेच साधारण तीन किलो युरिया पुरेसा आहे. विहिरीत पाण्याची ये-जा सतत चालू असल्याने प्रत्यक्ष चित्र याहून गुंतागुंतीचे असते. परंतु प्रमाणाची कल्पना येण्यास हा हिशेब उपयुक्त आहे.

अधिक नायट्रेटचा सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतील बालकांना असतो. अशा पाण्यात वरचे दूध कालवून पाजल्यास रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि बाळाचे ओठ व नखे निळसर दिसू लागतात. विहिरीचे पाणी आणि हा विकार यांचा संबंध १९४५ मध्ये अमेरिकेतील हंटर कॉमली या डॉक्टरांनी प्रथम दाखवून दिला. आईच्या दुधातून हा धोका पोहोचत नाही. म्हणून पहिले सहा महिने केवळ स्तनपान हा सर्वांत सोपा बचाव होय. पाणी उकळल्याने जंतू मरतात, मात्र नायट्रेट कमी होत नाही. उलट पाण्याची वाफ झाल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढते. तुरटी किंवा क्लोरीन यांचाही त्यावर उपयोग होत नाही.

पिण्याच्या पाण्याची मानके

भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार काही महत्त्वाच्या मर्यादा पुढीलप्रमाणे आहेत. जेथे दोन आकडे आहेत, तेथे पहिला इष्ट आणि दुसरा पर्यायी स्रोत नसताना चालणारा आहे. सर्व आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत.

- नायट्रेट : ४५ (सवलत नाही)
- फ्लोराईड : १.०, १.५
- एकूण विरघळलेले क्षार : ५००, २०००
- कठीणपणा : २००, ६००
- क्लोराईड : २५०, १०००
- ई-कोलाय जंतू : १०० मिलिलिटर नमुन्यात एकही नसावा

अहवाल वाचताना एक काळजी घ्यावी. काही प्रयोगशाळा नायट्रेटचे प्रमाण 'नत्राच्या रूपात' देतात. तो आकडा ४.४३ ने गुणल्यावर नायट्रेटचे प्रमाण मिळते. अशा अहवालातील १० हा आकडा दिसण्यास लहान असला, तरी तो प्रत्यक्षात मर्यादेवरच असतो.

देखरेखीची व्यवस्था

राज्यात भूजलाच्या अभ्यासाची जबाबदारी १९७० च्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेल्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे. राज्याची विभागणी दीड हजारांवर पाणलोट क्षेत्रांत करून तेथील निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा मोजली जाते. पिण्याच्या पाण्याच्या जिल्हा व उपविभागीय प्रयोगशाळाही याच यंत्रणेमार्फत चालविल्या जातात. केंद्रीय भूमिजल मंडळाचे निरीक्षणाचे जाळे याव्यतिरिक्त आहे.

गावपातळीवर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हा या व्यवस्थेचा पाया होय. पाण्याचे नमुने घेणे, निर्जंतुकीकरण करणे आणि त्याची नोंद ठेवणे ही त्याची कामे. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर प्रत्येक सार्वजनिक स्रोताची स्वच्छताविषयक पाहणी होते आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीस लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड टिकविणाऱ्या ग्रामपंचायतीस चंदेरी कार्ड मिळते. मात्र हे कार्ड स्रोताच्या परिसराची आणि निर्जंतुकीकरणाची स्थिती सांगते. हिरवे कार्ड असलेल्या गावातही नायट्रेट मर्यादेबाहेर असू शकते; म्हणून कार्ड आणि रासायनिक अहवाल ही दोन्ही कागदपत्रे एकत्र वाचली पाहिजेत.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने या व्यवस्थेत आणखी एक दुवा जोडला. प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाच्या वापराचे प्रशिक्षण देण्याची त्यात तरतूद आहे. स्रोतांची रासायनिक तपासणी वर्षातून किमान एकदा आणि जैविक तपासणी दोनदा व्हावी, असा दंडक आहे. संचातील रंगबदलावरून मिळणारा अंदाज प्राथमिक असतो. संशय येताच नमुना प्रयोगशाळेत पाठविणे आवश्यक ठरते.

नमुना कसा घ्यावा

तपासणीचे यश नमुन्यावर अवलंबून असते. चुकीच्या पद्धतीने घेतलेला नमुना उत्तम प्रयोगशाळेतही चुकीचेच उत्तर देतो.

- हातपंप किंवा विद्युतपंप काही मिनिटे चालू ठेवून नळीत साचलेले पाणी आधी काढून टाकावे.
- रासायनिक तपासणीसाठी एक लिटरची स्वच्छ प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीन वेळा विसळून भरावी.
- जैविक तपासणीसाठी प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटलीच वापरावी. ती विसळू नये आणि झाकणाच्या आतील बाजूस हात लावू नये.
- बाटलीवर गाव, स्रोताचा क्रमांक, दिनांक व वेळ लिहावी.
- जैविक नमुना बर्फाच्या पेटीत ठेवून २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवावा.
- दरवर्षी त्याच स्रोताचा, त्याच महिन्यात नमुना घ्यावा.

शेवटची सूचना सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत मोलाची आहे. एकाच वर्षीचा आकडा फारसे काही सांगत नाही. एखाद्या विहिरीत नायट्रेट २० वरून २८ आणि २८ वरून ३६ झाले, तर तिन्ही वर्षी अहवालावर 'पिण्यास योग्य' असाच शेरा असेल. हे तीन आकडे शेजारी मांडल्यावरच विहीर कोणत्या दिशेने चालली आहे हे कळते आणि उपाय करण्यास अवधी मिळतो.

शुद्धीकरण : काय शक्य, काय अवघड

जंतुजन्य दूषितीकरणावर खात्रीचा आणि स्वस्त उपाय उपलब्ध आहे. एक हजार लिटर पाण्यास साधारण ५ ग्रॅम टीसीएल पावडर हे प्रचलित प्रमाण होय. पावडर थोड्या पाण्यात कालवून, गाळ खाली बसू देऊन वरची निवळी तेवढी टाकीत किंवा विहिरीत मिसळावी आणि निदान अर्धा तास थांबावे. शेवटच्या नळाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन मिळाले पाहिजे. ओलावा लागलेल्या किंवा उघड्या पोत्यातील पावडरची शक्ती झपाट्याने घटते. त्यामुळे साठ्यातील क्लोरीनचे प्रमाणही तपासावे लागते.

फ्लोराईडसाठी नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने विकसित केलेली नलगोंडा पद्धत प्रसिद्ध आहे. तीत तुरटी व चुना मिसळून फ्लोराईड गाळाच्या रूपाने खाली बसविले जाते. सक्रिय अॅल्युमिनाचे गाळणयंत्र हा दुसरा पर्याय. दोन्ही पद्धतींत निघणाऱ्या गाळाची विल्हेवाट आणि नियमित देखभाल यांची जबाबदारी निश्चित केली नाही, तर यंत्रणा लवकरच बंद पडते. कमी फ्लोराईडचा दुसरा स्रोत शोधणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे ठरते.

नायट्रेट काढणे याहून खर्चिक आहे. आयन-विनिमय आणि आरओ या पद्धतींनी ते वेगळे होते, पण नष्ट होत नाही. आरओतून बाहेर टाकलेल्या पाण्यात ते अधिक तीव्र होऊन उरते. ते पाणी विहिरीजवळच सोडल्यास चक्र पुन्हा सुरू होते. विशिष्ट जिवाणूंच्या साहाय्याने नायट्रेटचे रूपांतर निरुपद्रवी नत्रवायूत करता येते. लाकडाचा भुसा भरलेल्या चरांतून पाणी जाऊ देऊन हे साधण्याचे प्रयोग अन्य देशांत झाले आहेत. परंतु त्यासाठी सेंद्रिय द्रव्य आणि प्राणवायूविरहित स्थिती लागते. हिंगोलीच्या उथळ, हवेशीर मुरमाड थरात ही स्थिती सहसा आढळत नाही.

संपूर्ण भूजलसाठाच उपसून, शुद्ध करून पुन्हा जमिनीत सोडण्याची पद्धत पाश्चात्त्य देशांत औद्योगिक प्रदूषणाच्या ठिकाणी वापरली जाते. तिला वर्षानुवर्षे लागतात आणि खर्च अफाट येतो. शेकडो शेतांतून थोडेथोडे येणाऱ्या नायट्रेटवर ती लागू पडत नाही. तेथे कामी येतो तो उगमाशी केलेला प्रतिबंध. डेन्मार्कने १९८० च्या दशकापासून शेतीतील नत्राच्या वापरावर निर्बंध आणले. त्यानंतर तेथील भूजलातील नायट्रेटची चढती रेषा उतरणीला लागली. त्यासाठी काही दशकांचा काळ आणि सातत्याची नोंद या दोन्ही गोष्टी लागल्या.

गावाच्या हाती असलेले उपाय

नत्र पिकाच्या गरजेनुसार हप्त्यांत विभागून देणे, माती परीक्षणाप्रमाणे मात्रा ठरविणे आणि ठिबकमधून खत सोडणे यांमुळे वाया जाणारे नत्र घटते. त्यात शेतकऱ्याचा पैसाही वाचतो. पाटाच्या पाण्याखालील वसमत परिसरात खत दिल्यावर लगेच भरपूर पाणी सोडण्याची सवय टाळणे विशेष महत्त्वाचे आहे. उकिरडे सार्वजनिक विहिरीपासून दूर व उताराच्या खालच्या अंगाला असावेत. शोषखड्डा आणि विहीर यांत निदान १५ मीटर अंतर ठेवावे आणि भेगाळ खडकात ते आणखी वाढवावे. विहिरीला कठडा, सिमेंटचा ओटा आणि सांडपाणी दूर नेणारी नाली हवी. पुनर्भरणाने नायट्रेट विरळ होते, ही गोष्ट खरी. मात्र शेतातील वा गावठाणातील गढूळ पाणी न गाळता थेट विहिरीत सोडणे हे पुनर्भरण नसून दूषितीकरण आहे. वाळू-खडीच्या गाळणीतून आलेले किंवा स्वच्छ छपरावरचे पाणीच त्यासाठी वापरावे.

कायद्याचा आधारही आहे. १९७४ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक कायद्यात भूगर्भातील पाण्याचा समावेश होतो. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोताला १९९३ च्या भूजल अधिनियमाने संरक्षण दिले. पुढे २००९ चा महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २०१४ पासून अमलात आला. त्यात भूजलाच्या गुणवत्तेच्या रक्षणाचाही विचार आहे. तथापि कोणता शोषखड्डा कोणत्या विहिरीला भोवतो, हे जिल्ह्याच्या कार्यालयात बसून कळणे कठीण. ते गावालाच ठाऊक असते.

म्हणूनच प्रयोगशाळेचा अहवाल दप्तरात न राहता ग्रामपंचायतीच्या फलकावर लागणे आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचला जाणे, ही देखरेखीची अखेरची पायरी होय. स्रोताचे नाव, मागील तीन वर्षांचे नायट्रेट व फ्लोराईडचे आकडे, जैविक तपासणीचा निकाल आणि पुढील तपासणीचा महिना एवढ्या चार रकान्यांचा तक्ता त्यासाठी पुरेसा आहे. आकडा मर्यादेबाहेर गेलेल्या विहिरीवर 'हे पाणी पिऊ नये, वापरण्यास हरकत नाही' अशी ठळक पाटी लावता येते. घरात लहान बाळ असलेल्या कुटुंबांना आशा कार्यकर्तीमार्फत त्याच दिवशी सूचना देता येते. एकदा बिघडलेले भूजल सुधारण्यास वर्षे लागतात. बाळाच्या दुधासाठी दुसऱ्या विहिरीचे पाणी आणण्याचा निर्णय मात्र अहवाल हाती आल्याच्या दिवशीच घेता येतो.